ते आले कशासाठी? : देवगिरी, गॉल आणि जिंकणाऱ्यांच्या बखरी

दौलताबादच्या किल्ल्यावर अंधारीतून बाहेर पडलं की माणसं दम खायला बसतात. गाइड लोकांची आवडती गोष्ट तिथेच सुरू होते. साल १२९६. अल्लाउद्दीन खिलजी अचानक देवगिरीवर चालून येतो. रामदेवराय यादव घाईघाईने किल्ल्याचे दरवाजे लावून घेतो. व्यापाऱ्यांची पोती धान्याची समजून वर नेलेली असतात. वेढा पडतो, पोती फोडली जातात, तर आत मीठ. राजा तह करतो. ऐकणारे 'च्च' करतात आणि पुढच्या पायऱ्या चढायला लागतात.

मी संभाजीनगरचाच. शाळेच्या सहलीपासून ही गोष्ट मी निदान सहा वेळा ऐकली असेल. गेल्या हिवाळ्यात सातव्यांदा ऐकली, तेव्हा सोबत फ्रान्समधल्या लियों शहराचा एक सहकारी होता. आमची टीम ज्या फ्रेंच ग्राहकासाठी सॉफ्टवेअर लिहिते, त्यांच्याकडचा हा इंजिनियर. वेरूळ बघून परतताना आम्ही दौलताबादला थांबलो होतो. गाइडचं बोलणं मी त्याला इंग्रजीत सांगितलं. तो म्हणाला, "हे हरले कसे, ते कळलं. पण तो आला कशासाठी?" मी म्हणालो, "लुटायला." तो म्हणाला, "एवढ्या लांब? जवळ काहीच नव्हतं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. जरा चिडूनच मी त्याला उलट विचारलं, "तुमच्याकडे रोमन कशासाठी आले होते?" तो हसला. "ते सीझरने लिहून ठेवलंय. आमच्यापैकी कुणी काहीच लिहिलं नाही."

त्या दोन प्रश्नांपायी पुढचे काही महिने ऑफिस सुटल्यावर मी दोन पुस्तकं आलटून पालटून वाचली. एक ज्यूलियस सीझरचा गॉलच्या युद्धाचा वृत्तांत. दुसरं झियाउद्दीन बरनीचं 'तारीख-ए-फिरोजशाही', तेही एलियट आणि डाऊसन यांनी इंग्रजीत आणलेल्या निवडक उताऱ्यांतून. मी इतिहासाचा विद्यार्थी नाही, फारसी आणि लॅटिन दोन्ही येत नाहीत. पण इंजिनियरला एक सवय असते. सिस्टीम बंद पडली की नंतर अहवाल लिहावा लागतो, आणि दुसऱ्याने लिहिलेला अहवाल वाचताना लिहिणाऱ्याने काय गाळलंय ते आपोआप शोधलं जातं. ही दोन्ही पुस्तकं मी तशीच वाचली.

सीझरचा अहवाल फार सुबक आहे. गॉल म्हणजे ढोबळमानाने आजचा फ्रान्स, बेल्जियम आणि आसपासचा मुलूख. तिथले बहुतेक लोक केल्टिक भाषा बोलणारे. इ.स.पू. ५८ ते ५० या काळात सीझरने हा सगळा प्रदेश घेतला. त्याबद्दल त्याने सात भाग लिहिले, आठवा त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या हाताखालच्या हिर्टियसने पूर्ण केला. गंमत म्हणजे सीझर स्वतःबद्दल 'मी' म्हणत नाही. सीझर आला, सीझरला कळलं, सीझरने ठरवलं. जणू लिहिणारा कुणी तटस्थ कारकून आहे.

युद्ध का झालं, याचं त्याचं उत्तर असं. हेल्वेटी नावाच्या जमातीने आपली बारा नगरं आणि चारशे गावं जाळून स्थलांतर सुरू केलं. ते रोमच्या प्रांताजवळून जाणार होते. त्यांच्या तळावर सापडलेल्या याद्यांनुसार ते ३,६८,००० होते, परत गेले १,१०,०००. शिवाय याच लोकांच्या एका शाखेने इ.स.पू. १०७ मध्ये रोमन सैन्याचा पराभव केला होता, आणि त्यात सीझरच्या सासऱ्याचे आजोबा मारले गेले होते. म्हणजे सीमेची सुरक्षा, मित्रजमातींची हाक, जुना अपमान आणि घरचा सूड. चारही कारणं समोरच्याकडे बोट दाखवणारी आहेत.

भीती अगदीच खोटी नव्हती. इ.स.पू. ३९० च्या सुमारास गॉल टोळ्यांनी खुद्द रोम शहर लुटलं होतं, आणि ती आठवण रोमन घरांत पिढ्यान् पिढ्या सांगितली जात होती. पण सीझरने काय गाळलंय ते इतर रोमन-ग्रीक लेखकांकडे सापडतं. प्लूटार्क सांगतो की इ.स.पू. ६१ मध्ये स्पेनला सुभेदार म्हणून निघताना सावकारांनी सीझरची वाट अडवली होती, आणि क्रॅससने ८३० टॅलेंटची हमी घेतली तेव्हा कुठे तो निघू शकला. सुएटोनियस सांगतो की गॉलमधून इतकं सोनं आलं, की इटलीत ते ३,००० सेस्टर्सला पौंड या दराने विकावं लागलं. सीझरच्या स्वतःच्या वृत्तांतात हे कर्ज नाही आणि हे सोनंही नाही.

आणखी एक धागा त्याच्याच मजकुरात राहून गेला आहे. त्याला मुळात मिळालेले प्रांत होते उत्तर इटली आणि इलिरिया, म्हणजे एड्रियाटिक समुद्राच्या पूर्वेची बाजू. आल्प्सपलीकडचा प्रांत नंतर जोडला गेला. युद्ध सुरू झालं तेव्हा त्याच्या चार लीजनपैकी तीन एक्विलियाजवळ होत्या, म्हणजे पूर्वेच्या तोंडावर. म्हणून काही इतिहासकारांना वाटतं की त्याची पहिली नजर बाल्कनकडे होती. हे खरं असेल, तर युद्ध आधी ठरलं आणि शत्रू नंतर मिळाला.

आता बरनी. त्याने आपलं पुस्तक १३५७ मध्ये संपवलं, दरबारातून उतरलेला आणि गरिबीत ढकललेला म्हातारा असताना. धर्माच्या बाबतीत तो कडवा होता. हिंदूंविषयी त्याने जे लिहिलं ते आज वाचवत नाही. त्यामुळे देवगिरीच्या स्वारीचं कारण तो काय देणार, याचा मी आधीच अंदाज बांधला होता. तो चुकला.

बरनी सांगतो ती कहाणी घरगुती आहे. अल्लाउद्दीन हा सुलतान जलालुद्दीनचा पुतण्या आणि जावई, प्रयागराजजवळच्या कडा-माणिकपूरचा सुभेदार. बायकोशी पटत नव्हतं, सासू मलिका-ए-जहानशी तर उभा दावा. सासू सुलतानाचे कान भरील ही धास्ती कायमची. त्यात कड्याला बंडखोर मलिक छज्जूची जुनी माणसं होती. पैसा असता तर आमचं बंड फसलं नसतं, पैसा उभा करा, दिल्ली तुमचीच आहे, असं ती सुचवत होती. पैसा कुठे आहे हे त्याला भिलशाच्या स्वारीत कळलं होतं. तिथे त्याने देवगिरीच्या संपत्तीची वर्णनं ऐकली. मग त्याने सुलतानाकडून परवानगी मागितली, ती चंदेरीकडे जाण्याची. सैन्य उभारायला सरकारी वसूल वापरायची मुभा घेतली आणि निघाला दक्षिणेला. पाठीमागे सुलतानाला खोट्या खबरी पाठवून शांत ठेवायचं काम ज्याच्यावर सोपवलं, तो अलाउल्मुल्क म्हणजे खुद्द बरनीचा काका.

हे वाचताना मी थांबलो. सीझर सोनं लपवतो, आणि बरनी मात्र आपल्याच घरातल्या माणसाचा हात उघड करतो. अर्थात बरनीलाही हेतू होता. वृद्ध, मवाळ जलालुद्दीनचा खून त्याला अक्षम्य वाटत होता, त्यामुळे अल्लाउद्दीनची महत्त्वाकांक्षा काळी रंगवणं त्याला सोयीचं होतं. पण या स्वारीला धर्मयुद्धाचा मुलामा देणं त्याला त्याहून सोपं होतं, आणि त्याच्या स्वभावात ते बसणारंही होतं. ते त्याने केलं नाही. ज्याचा कल एका बाजूला आहे तो दुसऱ्या बाजूची साक्ष देतो, तेव्हा ती साक्ष वजनदार असते. तसं अमीर खुसरोबद्दल म्हणता येत नाही. 'खजाइनुल्-फुतूह'मध्ये तो अल्लाउद्दीनच्या विजयांवर धर्माची झळाळी चढवतो. पण खुसरो दरबारी कवी. त्याने आधी जलालुद्दीनच्या विजयांवर काव्य लिहिलं होतं, आणि मग त्याच्याच खुन्याच्या विजयांवर लिहिलं.

पुढचं माहीत आहे. १२९६ च्या उन्हाळ्यात अल्लाउद्दीन लूट घेऊन कड्याला परतला, आणि जुलैमध्ये भेटीला आलेल्या सासऱ्याला त्याने मारवलं. मग दिल्लीकडे कूच. बरनी सांगतो की मुक्कामाच्या ठिकाणी छोट्या मंजनीकातून, म्हणजे दगड फेकायच्या यंत्रातून, पाच मण सोन्याच्या चांदण्या जमलेल्या गर्दीवर उधळल्या जात. लोक येत गेले, फौज वाढत गेली. देवगिरीच्या सोन्याने दिल्लीचं सिंहासन विकत घेतलं गेलं. सीझरनेही गॉलच्या पैशातून रोममध्ये माणसं फोडली, आणि इ.स.पू. ४९ मध्ये गॉलमध्ये तयार झालेल्या फौजेनिशी रुबिकॉन ओलांडून तो स्वतःच्याच राजधानीवर गेला. सीझरला सासऱ्याच्या आजोबांचा सूड आठवला होता, अल्लाउद्दीनला सासराच आड येत होता. पण नकाशा दोघांचा सारखाच. जिंकायची होती राजधानी, आणि तिथे जायचा रस्ता दुसऱ्याच्या मुलखातून होता.

म्हणून मला वाटतं, 'ते का आले' याचं उत्तर बहुतेक वेळा येणाऱ्याच्या घरात असतं. ज्याच्यावर ते आले त्याच्या घरात मिळतं ते 'ते जिंकले कसे' याचं उत्तर. हे दोन प्रश्न वेगळे आहेत. कुलूप नीट लागलेलं नव्हतं, हे चोरी का झाली याचं कारण नसतं.

आपल्याकडे मात्र या दोन प्रश्नांची सतत सरमिसळ होते. मराठीत देवगिरीबद्दल जे लिहिलं-बोललं जातं, त्यात 'यादव का बुडाले' हाच प्रश्न असतो. हेमाद्री व्रतवैकल्यांचे ग्रंथ लिहीत बसला. संतांनी लोकांना निवृत्तीकडे वळवलं. शंकरदेव फौज घेऊन बाहेर गेला होता. हेर झोपले होते. वि. का. राजवाड्यांनी १९२४ मध्ये 'महिकावतीची बखर' छापताना जी लांबलचक प्रस्तावना लिहिली, तिचाही रोख आपल्या समाजाच्या राज्याविषयीच्या उदासीनतेकडेच होता. राजवाड्यांचं मोठेपण असं की ते स्वतःच्या समाजाची झाडाझडती घेतात. पण त्यांच्यानंतर ती झाडाझडती सवय झाली आणि सवयीची मिठाची पोती झाली. ती मिठाची गोष्ट तरी कुठली? फिरिश्त्याची. तो विजापूरच्या दरबारात, सतराव्या शतकाच्या सुरुवातीला लिहीत होता. मध्ये तीनशे वर्षं गेली होती. बरनीकडे मीठ नाही. तरी गाइडच्या तोंडी बरनीची सासू येत नाही आणि फिरिश्त्याची पोती येतात, कारण पोत्यांची गोष्ट आपल्याला आपल्या मूर्खपणाबद्दल हळहळायची सोय करून देते. हळहळ संपली की प्रश्नही संपतो.

दुसरी सवय उलट टोकाची. आमच्या शहरात आज 'ते का आले' असं कुणाला विचारलं तर उत्तर एका शब्दात मिळतं, आणि तो शब्द धर्म असतो. या शहराची दोन नावं आहेत आणि तुम्ही कुठलं उच्चारता यावरून तुमची जात-धर्म-पक्ष मोजला जातो. इथे १२९६ चं कारण हा पुस्तकी प्रश्न राहत नाही. माझ्या कॉलेजच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मी बरनीच्या सासूची गोष्ट टाकली, तेव्हा पाच मिनिटांत एका मित्राने विचारलं, "म्हणजे देवळं फोडलीच नाहीत म्हणायचंय का तुला?"

मित्राचा प्रश्न रास्त होता, त्याला बगल देऊन चालणार नाही. देवळं फोडली. किल्ल्यात शिरल्यावर लागणारी, आज भारतमाता मंदिर म्हणून ओळखली जाणारी इमारत मुळात १३१८ ची जामी मशीद आहे, कुतुबुद्दीन मुबारक खिलजीच्या वेळची. तिचे खांब जुन्या देवळांचे आहेत, ते बघायला इतिहासकार असावं लागत नाही. पण साल बघा. १३१८. पहिल्या स्वारीनंतर बावीस वर्षांनी.

या बावीस वर्षांत कारण तीनदा बदललं. १२९६ मध्ये सिंहासनासाठी लूट हवी होती. १३०७ मध्ये मलिक काफूर आला तो थकलेल्या खंडणीसाठी. तोवर मंगोल दिल्लीच्या दारापर्यंत येऊन गेले होते, १३०३ मध्ये तर त्यांनी दिल्लीलाच वेढा दिला होता, आणि अल्लाउद्दीनला मोठी, रोख पगारावरची फौज पोसायची होती. त्या वेळी रामदेवरायाला दिल्लीला नेलं, 'राय-ए-रायान' हा किताब दिला आणि राज्य परत दिलं. दिल्लीला मुलूख नको होता, येत राहणारा पैसा हवा होता. मग शंकरदेवाने खंडणी थांबवली, तो मारला गेला. हरपाळदेव उठला, तोही मारला गेला. १३१८ च्या सुमाराला देवगिरी दिल्लीचा थेट सुभा झाली. सत्ता आता राहायला आली होती, आणि तिने आपली खूण देवळांच्या खांबांवर उभी केली. आधी लूट, मग खंडणी, मग सुभा. शेवटच्या टप्प्यावरचं कारण आपण उचलतो आणि पहिल्या टप्प्याला चिकटवतो, कारण दगडात तेच दिसतं.

रोमचंही तसंच. गॉलला रस्ते, शहरं, कायदा दिला ही भाषा जिंकून झाल्यावरची. माझ्या सहकाऱ्याच्या लियोंमध्ये, म्हणजे जुन्या लुग्डुनुममध्ये, सम्राट क्लॉडियस जन्मला. इ.स. ४८ मध्ये त्याने गॉलच्या पुढाऱ्यांना रोमच्या सेनेटमध्ये घ्यावं म्हणून भाषण केलं. ते ब्रॉन्झच्या पत्र्यावर कोरलेलं होतं, सोळाव्या शतकात लियोंमध्येच सापडलं, आणि आजही तिथल्या संग्रहालयात आहे. पण याच क्लॉडियसने पाच वर्षं आधी आणखी एक केल्टिक मुलूख, ब्रिटन, घ्यायला फौज पाठवली होती. का? सैनिकांनी पडद्याआडून ओढून गादीवर बसवलेल्या या माणसाकडे एकही विजय नव्हता, आणि विजयाशिवाय गादी टिकणार नव्हती. ब्रिटनवरच्या स्वारीचं निकडीचं कारण रोममध्ये होतं.

मग आपल्या बाजूच्या मजकुराचं काय? माझा सहकारी म्हणाला होता, आमच्यापैकी कुणी लिहिलं नाही. सीझर सांगतो की गॉलचे ड्रुइड धर्मविद्या लिहून ठेवणं निषिद्ध मानत. आपण तर लिहीत होतो. ज्ञानेश्वरी १२९० ची, तिच्या शेवटी रामचंद्र राजाचं नाव आहे. लीळाचरित्रात त्या काळचं पैठण आणि वेरूळ आहे, बोलतं-चालतं. स्वारीच्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ प्रत हरवली आणि ते आठवणींतून पुन्हा जुळवलं, असं महानुभाव परंपरा सांगते. पण राजाने काय लिहिलं? बीड जिल्ह्यातल्या पुरुषोत्तमपुरीला सापडलेला रामचंद्राचा ताम्रपट १३१० चा आहे. दिल्लीहून परतल्यानंतरचा. त्यात त्याच्या विजयांची रांग आहे, थेट वाराणसी सोडवल्यापर्यंत. १२९६ नाही, १३०७ नाही. सीझरने आपलं कर्ज गाळलं, रामदेवरायाने आपला पराभव गाळला. आणि हाच रामदेवराय १२७१ मध्ये गादीवर आला तो चुलतभाऊ आमणदेवाला बाजूला सारून. येणाऱ्याच्या घरात कलह होता तसा इथल्या घरातही होता.

त्यातल्या त्यात प्रामाणिक मजकूर मला इसामीचा वाटतो. 'फुतूहुस्सलातीन' लिहिणारा इसामी जिंकणाऱ्यांच्या भाषेतला, पण मुहम्मद तुघलकाने दिल्लीहून दौलताबादला हाकललेल्या लोकांपैकी. नव्वदीचे आजोबा त्या प्रवासात वारले. त्याने १३५० मध्ये, इथेच दख्खनमध्ये बसून लिहिलं. अल्लाउद्दीनच्या पहिल्या स्वारीत देवगिरीजवळच्या घाटात कान्हा नावाचा सरदार लढला आणि त्याच्या सोबत दोन स्त्रिया शौर्याने लढल्या, हे तो नोंदवतो. ती जागा लासूरकडची असावी असं मानलं जातं. मनमाडच्या गाडीने जाताना लासूर स्टेशन मी शेकडो वेळा पाहिलंय. त्या बायकांबद्दल आपल्याकडच्या गाइडने मला कधी सांगितलं नाही. त्यांची नावं इसामीनेही दिली नाहीत. पण त्या होत्या, एवढं त्याने लिहिलं. ज्याला स्वतःचं घर सोडावं लागलं होतं, त्याला दुसऱ्याचं घर राखणारे दिसले.

एक सावधगिरी माझ्या स्वतःच्या वाचनाबद्दल. बरनी मी वाचला तो एलियटच्या निवडीतून. एलियट हा ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी. आधीच्या राजवटी किती वाईट होत्या हे वाचून लोकांना इंग्रजी राज्याची किंमत कळावी, हा त्याचा उद्देश त्याने प्रस्तावनेत लपवलेला नाही. म्हणजे जिंकणाऱ्याची बखर मला दुसऱ्या जिंकणाऱ्याच्या हातून मिळाली. ती टाकून द्यावी असं मी म्हणत नाही, नाहीतर हातात काहीच उरणार नाही. तीही अहवालासारखी वाचावी, एवढंच.

व्हॉट्सअॅपवरच्या मित्राला मी शेवटी हे उत्तर दिलं. देवळं फोडली, माणसं मेली, लासूरला बायका लढल्या, यातलं काही कमी होत नाही. पण अल्लाउद्दीन कड्याहून निघाला ते सासूच्या धाकाने आणि दिल्लीच्या ओढीने, हे जर खरं असेल, तर त्याचा हिशोब त्याच्याशी आणि त्याच्या तख्ताशी आहे, आणि तो सातशे वर्षांपूर्वी मिटला. 'ते लोक असेच येतात' हे कारण मानलं, तर हिशोब कधीच मिटत नाही. तो शहागंजच्या बाजारात, माझ्या शाळेतल्या बाकावर शेजारी बसलेल्या पोरापर्यंत येतो. मित्राने यावर अंगठा दाखवला नाही. पण रविवारी फोन करून म्हणाला, "ते बरनीचं पुस्तक आहे का तुझ्याकडे? सासूचं पान काढून दे."

पान काढून दिलंय. वाचून झालं की दोघं किल्ल्यावर जाणार आहोत. गाइडने मिठाची गोष्ट संपवली की या वेळी मी विचारणार आहे, "पण काका, तो आला कशासाठी?"